भीमथडीहून मांडवीकडे

गेल्या आषाढाच्या आरंभीं एका शुक्रवारीं दुपारीं आम्ही व आमचे एक स्नेही दौंडाच्या फलाटावर उभे होतों. जावयाचें होतें पणजीस, आणि परत यावयाचें होतें सोमवारच्या पहांटेस. प्रवासाचें प्रयोजन लपविण्यासारखें नव्हतें, पण चारचौघांत सांगण्यासारखेंहि नव्हतें. मांडवी नदींत जीं तरतीं द्यूतगृहें आहेत त्यांपैकीं एकांत एक रात्र घालवावयाची, एवढाच बेत होता. स्नेही भीमाकांठचे बागाइतदार. वय साठीच्या आसपास. सुपारीच्या खांडाखेरीज दुसरें व्यसन त्यांना आम्हीं कधीं जडलेलें पाहिलें नाहीं. शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या अंगास त्यांची पांच एकर वडिलार्जित जिराईत होती. त्यांपैकीं तीन एकर रस्त्याच्या कामांत गेली व तिचे पैसे नुकतेच हातीं आले होते. "मास्तर, पैसा आयता आला आहे," ते आम्हांला म्हणाले, "एकदां बघूं तरी हा कारखाना चालतो कसा."

आमच्या पिशवींत त्यांच्याइतके पैसे नव्हते. जुन्या टिपणांच्या दोन वह्या होत्या. द्यूत म्हटलें कीं आपल्या बोलण्यांत धर्मराज येतो, नळराजा येतो, आणि तेथेंच विषय संपतो. जणूं कुरुसभेनंतर या देशांत कोणी फांसा टाकलाच नाहीं. राजानें जुगारास परवानगी कोठें दिली, बंदी कोठें केली, वांटा कोणीं घेतला, आणि आपल्या भागांतील माणसाच्या हातून जमीन गेली ती कोणत्या खेळांत, हे प्रश्न विचारण्याची आपल्याला फारशी संवय नाहीं. स्नेह्यांना खेळ पाहावयाचा होता, आम्हांला त्याचा मागचा हिशेब पाहावयाचा होता.

दिल्लीहून वास्कोस जाणारी गाडी मनमाडावरून दौंडास येते व पुणें, मिरज, लोंढा या मार्गानें सह्याद्रि उतरते. ज्या रुळांवरून आम्ही निघालों त्यांचाच या कथेशीं निकट संबंध आहे. इंग्रजांच्या कागदांत 'धोंड' म्हणून नोंदलेलें हें गांव लोहमार्गानेंच नांवारूपास आलें. भोरघाटाचें काम १८६३ सालीं पुरें झालें आणि मुंबईचा बाजार व भीमेचा कांठ यांच्यामधली भिंत गेली. दौंडाहून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ सालीं सुरू झाला. या दोन सालांच्या दरम्यान जी पंधरा वर्षें गेलीं, त्यांत या तालुक्यांचें दैव पालटलें.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ सालीं पेटलें. तिकडचा कापूस विलायतच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. पैशाचा असा लोंढा मुंबईनें पूर्वीं पाहिला नव्हता. १८६४-६५ मध्यें तेथें रोज नवी पेढी आणि रोज नवी कंपनी निघे. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या 'बॅकबे' कंपनीच्या भागांवर लोक तुटून पडत. प्रेमचंद रायचंद यांच्या एका होकारासाठीं त्यांच्या दारांत मोठमोठे लोक ताटकळत बसत. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. कापूस कोसळला. १ जुलै हा वायद्यांचा दिवस होता. त्या दिवशीं हीं कागदी घरें जीं पडलीं तीं पुन्हां उभीं राहिलीं नाहींत.

शिरूर व भीमथडी हे कांहीं कापसाचे तालुके नव्हते. येथें बाजरी, ज्वारी, हुलगा पिके. तरी तो लोंढा येथवर आला. रुळांच्या कामावर मजुरी वाढली, गाडीभाडें वाढलें, धान्याचे भाव चढले, आणि सावकाराचा हात सैल झाला. भाव चढते आहेत तोंवर कर्ज देणाराहि शहाणा ठरतो व घेणाराहि. पुढें भाव उतरले. त्याच सुमारास, १८६७ पासून, सरकारनें चढत्या वर्षांचा हिशेब धरून साऱ्याची नवी आकारणी तालुक्या-तालुक्यांतून लागू करण्यास सुरवात केली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताची मुदत तीन वर्षें ठरविली होती. कुणब्याला दिलासा मिळावा हा हेतु. झालें असें कीं, सावकार दर तीन वर्षांनीं नवें खत लिहून घेई आणि थकलेलें व्याज मुद्दलांत घालून त्यावर पुन्हां व्याज धरी. अंगठा उठवणाराला आपण किती वेळां तेंच कर्ज काढलें याचा पत्ता नसे.

शिरूर तालुक्यांतील करडें या गांवीं १८७४ च्या अखेरीस काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला व त्यांचा वाडा पाडावयास काढला. गांव उठला; पण काठी घेऊन नव्हे. लोकांनीं करार लिहून सावकाराचें काम बंद केलें. न्हावी, धोबी, पाणक्या कोणी त्याच्या दारीं जाईना. हें लोण आसपासच्या गांवांत पसरलें. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें मात्र भडका उडाला. सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें. जमावानें दुकानें लुटलीं, पण लुटीपेक्षां त्यांचा रोंख खतांच्या गठ्ठ्यांवर होता. खत हातीं दिलें तर सावकाराला बहुधा कोणी शिवत नसे. खतें जाळलीं कीं लोक घरीं जात. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची व व्याज कमी करण्याची मुभा मिळाली.

पाटस मागें पडलें तेव्हां स्नेह्यांनीं आम्हांला सांगितलें कीं, असें एक जुनें खत त्यांच्या घरीं आजहि आहे. पणजोबांनीं बी आणि एक बैल यांसाठीं चाळीस रुपये काढले होते. तीन वेळां खत नवें झालें आणि घोडनदीची वीस एकर गेली. हीं पांच एकर तेवढीं पणजीच्या माहेरचीं म्हणून वांचलीं. "माझ्या पणजोबानं कधीं पत्ता हातांत धरला नव्हता," ते म्हणाले. आम्ही गप्प बसलों. कुणब्यांच्या कर्जास लग्नांतील उधळपट्टी कारण, असें त्या काळच्या अंमलदारांपैकीं पुष्कळांचें ठाम मत होतें व आजहि तें ऐकूं येतें. परंतु अमेरिकेंत लढाई चालूं आहे कीं संपली, यावर ज्याच्या बैलाची किंमत ठरते, त्याला उधळ्या म्हणून मोकळें होणें आम्हांला कधीं जमलें नाहीं.

शनिवारीं पहांटे गाडी घाट उतरली. हा रस्ता पोर्तुगीज अमदानींतला. मुरगांव बंदरापासून कॅसल रॉकपर्यंतचा मार्ग १८८८ सालीं वाहतुकीस खुला झाला. मडगांवीं उतरून आम्ही पणजीस गेलों व मांडवीच्या कांठानें चालूं लागलों. उजव्या अंगास आदिलशहाचा वाडा. तो १५१० मध्यें पोर्तुगीजांकडे गेला, १७५९ मध्यें त्यांचा व्हाइसरॉय जुन्या गोव्याच्या रोगट हवेला कंटाळून येथें राहावयास आला, आणि १८४३ मध्यें पणजी हीच राजधानी ठरली. स्वातंत्र्यानंतर याच वाड्यांत गोव्याची विधानसभा भरे. ती २००० सालीं पर्वरीस गेली. वाड्याशेजारीं संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक आबे फारिया याचा १९४५ चा पुतळा हात पसरून एका स्त्रीवर झुकलेला आहे. आणि समोर पाण्यांत, एकेकाळच्या राजवाड्याला दिसतील अशा, त्या भल्या मोठ्या रंगीत नौका नांगर टाकून उभ्या.

आमच्या स्नेह्यांचा समज, आणि बहुतेक महाराष्ट्राचा समज, असा कीं हा पोर्तुगीजांचा वारसा. समज होण्यास कारणहि आहे. मकाव येथें पोर्तुगीजांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच जुगाराला परवाना देऊन आपली तिजोरी चालविली, व तें गांव आज जगांतील द्यूताची मोठी पेठ आहे. गोव्यांत मात्र तसें घडलेलें नाहीं. गोवा १९६१ च्या डिसेंबरांत मुक्त झाला. १९७६ सालीं गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाच्या विधानसभेनें सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा कायदा केला. त्याला १९९२ सालीं तेरा-अ हें कलम जोडण्यांत आलें आणि पंचतारांकित हॉटेलांत नाणीं टाकून चालविण्याच्या यंत्रांस वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीनें किनाऱ्यापासून दूर नौकेंत पटावरचे खेळ चालविण्यास वाट मिळाली. नौकेची ती सवलत मग समुद्रांतून सरकत सरकत मांडवींत, गांवाच्या उंबरठ्याशीं, येऊन स्थिरावली. हें सर्व आपल्याच लोकनियुक्त सरकारांनीं केलें.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढें आहे. ज्या १९७६ सालीं गोव्यानें जुगारबंदीचा कायदा केला, त्याच सालीं महाराष्ट्रानें कॅसिनोंस परवाने देण्याचा व त्यांच्यावर कर बसविण्याचा कायदा केला! आणीबाणीचा काळ, मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. कायदा पुस्तकांत शिरला, पण सरकारनें तो अंमलांत आणण्याची तारीख कधीं जाहीर केली नाहीं. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षें तो तसाच निजून राहिला. मध्यंतरीं कोणी उच्च न्यायालयांत जाऊन त्याला जागा करण्याचा प्रयत्नहि केला. शेवटीं २०२३ च्या ऑगस्टांत मंत्रिमंडळानें तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्या राज्यानें बंदी लिहिली तेथें नौका उभ्या आहेत, आणि ज्यानें परवाना लिहिला तेथील माणसें दौंडाहून गाडी पकडतात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलांत गोवेकरांनीं ३४,०२१ मतांच्या अधिक्यानें महाराष्ट्रांत न येण्याचें ठरविलें, ही गोष्ट आम्हीं त्या वेळीं स्नेह्यांना सांगितली. ते थोडा विचार करून म्हणाले, "आले असते तर या नावा आतां उजनीच्या पाण्यांत उभ्या असत्या."

तिन्हीसांजेस आम्ही धक्क्यावर गेलों. प्रवेशाची रक्कम भरली, ओळखपत्र दाखविलें. गोव्यांत राहणाऱ्यास १ फेब्रुवारी २०२० पासून या द्यूतगृहांत जाऊन खेळण्यास मनाई आहे. आमच्या पत्रांवर पुणें जिल्हा पाहून तरुण कारकुनानें हंसून हात पुढें केला. ही युक्ति गोव्यानें शोधलेली नव्हे. मोनाकोच्या राजानें १८६३ च्या सुमारास माँटे कार्लो येथें द्यूतगृह थाटलें तेव्हां आपल्या प्रजेस तेथें खेळण्याची बंदी केली होती; दुसऱ्यांच्या पैशावर प्रजेचे कर माफ करतां आले म्हणजे झालें. व्हेनिसचा मार्ग वेगळा होता. तेथें सरकारनें १६३८ सालीं आपल्याच नागरिकांसाठीं एक द्यूतशाळा उघडली, आणि घराणीं बुडूं लागलीं असें पाहून १७७४ सालीं ती बंद केली. कॅसिनो हा शब्दहि मूळ इटालियनच. अर्थ, लहानसें घर.

आंत एवढा उजेड होता कीं रात्र आहे हें विसरावें. भिंतीवर घड्याळ आम्हांला कोठें दिसलें नाहीं. वाद्यें, नाच, वाढलेलीं ताटें, आणि मधोमध हिरव्या कापडाचीं मेजें. भोंवतीं जमलेल्या मंडळींत गुजराती व्यापारी होते, हैदराबादचे, बंगळूरचे नोकरदार होते, आणि मराठी तर पुष्कळच. एका मेजावर सांगलीची बोली ऐकूं आली, दुसऱ्यावर नगरची. आम्ही आधीं रूलेटच्या चक्रापाशीं उभे राहिलों, कारण त्याचें गणित आम्हांला ठाऊक होतें. एका शून्याच्या चक्रांत सदतीस खांचे. आपला अंक आला तर पणाच्या पस्तीसपट मिळतात व पणाची रक्कम परत येते. खरें पाहतां छत्तीसपट मिळावयास हवेत. उणा राहिलेला तो एक हाच घरधन्याचा वांटा, शेकडा पावणेतीन रुपयांच्या आंतबाहेर. ऐकावयास थोडा, पण तो प्रत्येक फेऱ्यास कापला जातो. शंभर रुपयांचा पण एका रात्रींत दोनशे वेळां लावणारा माणूस वीस हजार रुपये चक्रावरून फिरवितो, आणि सरासरीनें पांचशे चाळीस तेथें ठेवून उठतो. ठेवून उठतो म्हणजे उठला तर.

हें पाहतांना आम्हांला कौटिल्याची आठवण झाली. त्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां राजनीतीच्या या ग्रंथांत द्यूताध्यक्ष नांवाचा सरकारी अंमलदार पाहून पुष्कळांस नवल वाटलें होतें. कौटिल्य सांगतो कीं जुगार एकाच ठिकाणीं चालावा, फांसे सरकारानें पुरवावे, त्यांचें भाडें घ्यावें, पाण्याचें व जागेचें भाडें घ्यावें, आणि जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे. यांत नीतीचा आव नाहीं. चोर व गुप्तपणें वावरणारे लोक जुगाराच्या अड्ड्यावर सांपडतात, हें त्याचें रोखठोक कारण. मनूचा मार्ग उलट. त्यानें निर्जीव वस्तूंनीं खेळतात तें द्यूत आणि प्राण्यांवर लावतात तो समाह्वय, असे दोन भेद करून दोहोंची राज्यांतून हकालपट्टी सांगितली. पुढच्या दोन हजार वर्षांत या देशांतील प्रत्येक सरकार मनूच्या भाषेंत बोललें आणि कौटिल्याच्या हातानें वागलें, असें आम्हांला वाटतें. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदीचा कायदा पाहा; तो पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड घालतो, पण शर्यतीच्या मैदानाच्या कुंपणांत घोड्यांवर लावलेल्या पैजेस वगळतो. याच महाराष्ट्र सरकारनें १९६९ सालीं आपली लॉटरी काढली. आजचें केंद्र सरकार तर कौटिल्याच्याहि पुढें गेलें आहे. तो जिंकणाऱ्याकडून पांच घेई. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्यानें चकत्यांसाठीं मोजलेल्या सर्व रकमेवर शेंकडा अठ्ठावीस, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा चाळीस कर आहे. पुढें तो जिंको अगर हरो.

समाह्वयावरून सहज आठवलें. आमच्या शिरूर, खेड, जुन्नर भागांत बैलगाड्यांचे घाट आहेत. त्या शर्यतींस सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मनाई केली, २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां वाट दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत राज्याचा कायदा कायम केला. त्या सर्व वादांत बैलाच्या पाठीवरच्या आसुडाची चर्चा झाली. घाटाच्या कडेला कानांत कुजबुजून लावल्या जाणाऱ्या पैशांचें नांव फारसें कोणीं काढलें नाहीं.

स्नेही चक्रापाशीं रमले नाहींत. मांगपत्त्याचें मेज त्यांनीं आपण होऊन शोधून काढलें. 'आंत' कीं 'बाहेर' एवढाच प्रश्न. लहानपणीं जत्रेच्या राहुटींत त्यांनीं तो पाहिला होता. दहा हजारांच्या चकत्या घेतल्या. अकराच्या सुमारास त्यांच्यापुढें तेवीस हजार होते आणि मेजावरचीं अनोळखी माणसें त्यांना 'काका' म्हणून कौल विचारीत होतीं. शेतांत, सोसायटींत, घरांत अलीकडे त्यांना कोणी कौल विचारीत नाहीं. दीड वाजतां त्यांच्यापुढें कापड तेवढें हिरवें उरलें. मग त्यांचा हात बंडीच्या आंतल्या खिशाकडे गेला. त्या खिशांत जमिनीच्या पैशांपैकीं एक पाकीट आहे हें आम्हांला त्या क्षणीं प्रथम कळलें.

अशा वेळीं मित्रानें काय करावें? आमच्याजवळ कौटिल्य होता, मनु होता, सुप्याचा दंगा होता. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. आणि त्याचें कारण सौजन्य नव्हे. त्याच तासाभरांत आम्हीं स्वतः त्या सदतीस खांच्यांच्या चक्रावर दोन हजार रुपये घालविले होते, गणित माहीत असून. चेंडू फिरत असतांना आम्हांला एकहि सन आठवत नव्हता. स्नेह्यांनीं पाकीट उघडलें, वीस हजार मोजून दिले, व तेहि अर्ध्या तासांत गेले. मग ते उठले, आणि नौकेच्या कठड्याशीं जाऊन फार वेळ पाण्याकडे पाहत राहिले. वाड्याचे दिवे नदींत हालत होते. पाकिटांत आणखी किती होतें तें आम्हीं विचारलें नाहीं. पुन्हां आंत मात्र ते गेले नाहींत.

रविवारीं दुपारीं परतीची गाडी. उजेडींच दूधसागर आला. पाऊस असा कीं धबधब्याचा फेंस खिडकीच्या गजांवर येत होता आणि डब्यांतील पोरें आरडत होतीं. स्नेही प्रथमच बोलले. "यांतला चार आणे जरी शिरूरला पडला असता." त्यावरून आम्हीं त्यांना बरसातीच्या सट्ट्याची हकीकत सांगितली. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मुंबईच्या बाजारांत पावसावर पैजा लागत. अमुक वेळांत अमक्या छपराची पन्हळ वाहील कीं नाहीं, यावर आकाशाकडे पाहत शेंकडों लोक पैसे लावीत. १८८७ चा कायदा 'जुगाराचें साधन' असा शब्द वापरी. पत्ते साधन, फांसे साधन, पण पाऊस कोणाचें साधन? पोलिसांचे खटले टिकेनात. शेवटीं १८९० सालीं कायदा दुरुस्त करून पर्जन्यावरील पैज स्पष्ट शब्दांनीं जुगारांत घालावी लागली. सुप्यानंतर वर्षभरानेंच, १८७६-७७ सालीं, याच पूर्वेकडच्या तालुक्यांत मोठा दुष्काळ पडला होता. त्याच आभाळाकडे एकीकडे पेरणीसाठीं आणि दुसरीकडे पन्हळीच्या भावासाठीं माणसें पाहत होतीं.

आंकड्याचेंहि तसेंच. न्यूयॉर्कच्या कापसाचा उघडता व मिटता भाव तारेनें मुंबईस येई, आणि त्याच्या अखेरच्या आंकड्यावर मुंबईंत पैसे लागत. १९६१ च्या सुमारास ती तार बंद झाली. तेव्हां कल्याणजी भगत, रतन खत्री वगैरे मंडळींनीं मडक्यांतून चिठ्ठ्या, पुढें पत्ते काढून आंकडा ठरविण्याचा प्रघात पाडला, आणि 'मटका' हा शब्द गिरणगांवापासून आमच्या बाजाराच्या गांवांपर्यंत पोंचला. कापूस नाहीं, तार नाहीं, न्यूयॉर्क नाहीं. पैज तेवढी राहिली. ज्या कापसाच्या भावानें पणजोबांची वीस एकर सैलावलेल्या कर्जांत नेली, त्याच्याच सांवलीवर नातवंडांच्या पिढीनें रोजची मजुरी लावली. असा धागा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग हातीं लागतो तेव्हां इतिहास शिकविणाऱ्याला जो आनंद होतो, तो आम्हांला झाला. स्नेह्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तो आम्हीं आंवरला.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एक जुगाऱ्याचें सूक्त आहे. सर्वस्व गमावलेला, सासूच्या तिरस्काराचा धनी झालेला, बायकोनें दूर लोटलेला तो जुगारी. त्याला शेवटीं फांसे टाकून शेती करण्याचा उपदेश होतो. आम्हीं तें सांगितल्यावर स्नेही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "उपदेश करणारानं शिरूरला शेती केलेली दिसत नाहीं." त्यांची दौंडाकडची शेती कालव्याची आहे, मुठेचें पाणी तिकडे येतें, ऊंस उभा राहतो, कारखाना तो नेतो. घोडनदीच्या बाजूचीं उरलेलीं दोन एकर मात्र आभाळाकडे तोंड करून असतात. तेथें मृगांत पेरावें, आर्द्रांत मोडावें, आणि पुनर्वसूंत पुन्हां पेरावें, असें त्यांनीं चार वर्षांत तीन वेळां केलें. बियाणें एकदां, खत एकदां, मजुरी एकदां, आणि सर्व पुन्हां एकदां. पणजीच्या मेजावर निदान पत्ता समोर उलटतो, असें ते म्हणाले, आणि मग आपल्याच बोलण्याची लाज वाटून त्यांनीं सुपारीचा डबा काढला.

मिरज गेलें, पुणें गेलें. झोंप कोणालाच लागली नव्हती. दौंडास उतरलों तेव्हां झुंजुमुंजु झालें होतें आणि फलाट कोरडा ठणठणीत होता. बाहेर रिक्षावाला तोंड धूत उभा होता. स्नेह्यांनीं त्याला विचारलें, "शिरूरकडं काहीं पडला का?"

"न्हाय दादा. नुसतं आभाळ येतंय न जातंय."

स्नेह्यांनीं बंडीच्या आंतल्या खिशावर हात ठेवून पाकीट चांचपलें, पिशवी रिक्षांत टाकली, आणि बाजरीच्या बियाण्याचें दुकान किती वाजतां उघडतें तें त्याला विचारलें.